हॉल दचकेपर्यंत

आपण नक्की कशा मेलो याबद्दल गावात एकमत नाही, हे राजमती मगदूमला भाजी मंडईत कळलं.

सिनेमा लागून आठवडा झाला होता. ती दोडकी निवडत होती, तेवढ्यात दोडकीवाल्या मालननं तिचा हातच धरला.

“अक्का, बघितला बगा तुमचा पिक्चर! काय ओ तुमचं मरण! एकच घाव, आन् गपगार. तिकडं तव्यावर भाकरी करपाय लागली, आन् हिकडं मी पदरात तोंड घालून रडाय लागली.”

“एकच घाव?” शेजारचा नारळवाला बापू हातातली कोयती थांबवून म्हणाला. “खुळी का काय तू? चांगला पाच मिनटं मारत हुता की त्यो. अक्का सरपटत दारापतोर गेल्या, त्येनं पायाला धरून परत वडून आणलं. कोल्हापुरात बघितलो मी, म्हेवण्यासंगं.”

“सरपटत? आरं, पडली ती उठलीच न्हाई बाई. भाकरी दिसली न्हाई व्हय तुला?”

“कसली भाकरी? भाकरीच न्हाई त्यात!”

दोघंही निवाड्यासाठी राजमतीकडं वळले. प्रत्यक्ष मयतच पिशवी घेऊन समोर उभं असताना वाद घालायचा कशाला?

“मला काय विचारतासा?” राजमती म्हणाली. “मी मेलेली होते की.”

मंडई हसली. राजमतीही हसली. पण घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच घोळत राहिलं. भाकरी नव्हती म्हणजे काय? भाकरी तर तिनं स्वतः थापली होती.

राजमती त्रेपन्न वर्षांची होती. सांगलीच्या हौशी रंगभूमीवर तिनं पंचवीस-तीस वर्षं आया, सासवा आणि प्रेतं केली होती. त्यांतली प्रेतं जास्त जमायची, असं तिचा नवरा श्रेणिक म्हणायचा. श्रेणिकचं गणपती पेठेत चष्म्याचं दुकान. माणूस इतका मऊ की घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन खिडकीतून सोडायचा, आणि मग ते शेजारच्यांकडं गेलं असेल म्हणून दिवसभर हळहळायचा. मगदुमांचं घर जैनाचं. पाणी गाळून प्यायचं, दिवस बुडायच्या आत जेवायचं, मुंगीवर पाय पडला तर थांबायचं. अशा घरातल्या बाईला ‘सातवा घाव’ नावाच्या सिनेमात घ्यायचं डोकं पार्थिव सरनोबतचंच.

पार्थिव तिच्या बालनाट्य शिबिरातला. दहा वर्षांचा असताना त्याला रंगमंचावर पडता यायचं नाही, धाडकन आपटायचा आणि मग खरोखरच रडायचा. राजमतीनं त्याला शिकवलं होतं. आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा, डोकं सगळ्यांत शेवटी, आणि तेही हातावर. आता तो तिशीतला नावाजलेला दिग्दर्शक झाला होता, तरी तिला ‘राजूमावशी’च म्हणायचा. सिनेमात ती खानावळवाली होती. ज्या पोराला तिनं लहानपणी फुकट जेवू घातलं, तोच मोठा होऊन, तिनं त्याचा एक खून पाहिला म्हणून कोयता घेऊन येतो. ती चुलीपुढं बसलेली. कोयता बघते, सगळं समजते, आणि म्हणते, “आधी जेवून घे रे, बाळा.” एक घाव. तोही दिसत नाही. कॅमेरा तव्यावरच्या भाकरीवर. भाकरी कडेनं काळी पडत जाते, धूर निघतो, बस्स.

दोन दिवसांचं काम. तिसऱ्या दिवशी तिला एका पांढऱ्या घुमटात उभं केलं होतं. चहूबाजूंनी कॅमेरे. हसा, रडा, ओरडा, हात जोडा. आवाजासाठी पानभर मजकूर वाचून घेतला. “प्रकाशाची दुरुस्ती करायला लागतं, मावशी,” पार्थिव म्हणाला होता. असेल, म्हणून तिनं हात जोडले होते.

सांगलीत पहिल्याच दिवशी ती आणि श्रेणिक जाऊन आले. सगळं तसंच होतं, घाव, भाकरी, धूर. श्रेणिक शेजारी बसून ढसाढसा रडला होता. जिवंत बायको शेजारी बसून त्याला रुमाल देत होती, तरी.

मंडईतल्या भांडणानंतर दोन-तीन दिवसांत तेच भांडण सगळ्या महाराष्ट्रात पेटलं. अविनाश टिळेकर हे पुण्याचे नामांकित समीक्षक. त्यांनी लिहिलं, हा सिनेमा नाही, कत्तलखाना आहे. एका निराधार बाईचा नऊ मिनिटं खाटीकखाना चालतो आणि दिग्दर्शक चवीनं बघत बसतो. यावर बंदी घाला. इरावती सबनीस या तितक्याच नामांकित. त्यांनी लिहिलं, हिंसा न दाखवता हिंसा दाखवावी ती अशी. करपणारी ती भाकरी म्हणजे अलीकडच्या मराठी सिनेमातला सगळ्यांत बोलका मृत्यू आहे. मग दोघांना एका चर्चेत समोरासमोर बसवलं. राजमती फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून बघत होती.

“बाईंनी नेमकं त्या वेळी डोळे मिटले असावेत,” टिळेकर म्हणाले.

“साहेबांनी परीक्षण घरूनच लिहून नेलं असावं,” सबनीस म्हणाल्या. “माझ्या बहिणीबरोबर साताऱ्यात दुपारच्या खेळाला बघितलाय मी. तिचं अख्खं भिशीमंडळ होतं. नऊ मिनिटं म्हणे! अर्धं मिनिटसुद्धा नाही.”

“तुमच्या भिशीत काय चालतं मला माहीत नाही. आम्ही खास समीक्षकांच्या खेळाला पाहिलाय. चाळीस जण साक्षीला आहेत.”

“आणि भाकरी?”

“कोणती भाकरी, बाई? सारखं काय भाकरी भाकरी!”

झालं. लोकांत दोन तट पडले, भाकरीवाले आणि घाववाले. एका शहरात घाववाल्यांनी पोस्टर जाळलं, दुसऱ्या दिवशी भाकरीवाल्यांनी त्याच जागी चूल मांडून भाकरी भाजली. नातेवाइकांच्या गटांतून माणसं निघून गेली. राजमतीची सख्खी नणंद तिला फोनवर म्हणाली, “वहिनी, असं अंगावर येणारं काम घ्यायचं नव्हतं तुम्ही.” आणि तासाभरानं चुलत जावेचा फोन आला, “किती शांत गेलात हो!”

राजमती गुरुवारी सकाळी एस.टी.नं कोल्हापूरला गेली. श्रेणिकला म्हणाली, मैत्रिणीकडं जाते. तो चष्मा पुसत ‘बरं’ म्हणाला. हल्ली तो फार ‘बरं’ म्हणत होता.

कोल्हापूरचा हॉल दुपारच्या खेळालाही भरलेला होता. सगळी कॉलेजची पोरं. चेहऱ्याला ओढणी गुंडाळून ती मधल्या रांगेत बसली. शेजारच्या पोरानं, “काकू, तुम्हाला पुढचं डोकं आडवं येतंय, हिकडं बसा,” म्हणून आपली जागा दिली. चांगली वळणदार पोरं होती. खानावळीचं दृश्य जवळ आलं तसा सगळा हॉल सावरून बसला. कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, “दगड!” मागून पुढून उत्तर आलं, “दगड, दगड.” मग चिडीचूप. श्वासही मोजून.

पडद्यावर राजमती चुलीपुढं बसली होती. कोयता आला. “आधी जेवून घे रे, बाळा,” ती म्हणाली. घाव झाला. आता भाकरी, असं तिच्या मनात आलं, आणि भाकरी आलीच नाही. कॅमेरा तिच्याकडं वळला. ती पडत होती. डोक्यावर पडत होती! तीस वर्षांत राजमती कधी डोक्यावर पडली नव्हती. हे पडणं तिचं नव्हतं. साडी तिची, मानेवरचा तीळ तिचा, पडणं दुसऱ्याच कुणाचं. पुढं जे झालं ते तिनं कधीच केलं नव्हतं. ती सरपटली. तिनं हात जोडले, घुमटात जोडले होते तसेच. आणि मग ती बोलायला लागली, “नको रे, पाया पडते तुझ्या, नको.” तिच्या आवाजात. उच्चारसुद्धा तिचे, ‘पडते’मधला लांबलेला ‘ते’सुद्धा.

राजमतीनं आजूबाजूला पाहिलं. उजेड पोरांच्या तोंडावर लाल पडला होता. एकाचंही तोंड हलत नव्हतं. डोळे उघडे, हात खुर्चीच्या हातांवर, दाबून. शेजारचा पोरगा नाकानं संथ श्वास घेत होता, योगासनं करावीत तसा. आणि पडद्यावरची बाई मरतच होती, मरतच होती.

शेवटी पार मागं कुणाला तरी ओकारी आली, दोघंतिघं किंचाळले, आणि दृश्य कात्रीनं कापल्यासारखं संपलं.

दिवे लागले तसे टाळ्या पडल्या. एकाच्या मोबाइलवर मोजलेली वेळ झळकली आणि पोरं एकमेकांच्या पाठीत धपाटे घालायला लागली. ओढणी सुटली होती. शेजारच्या पोरानं तिच्याकडं बघितलं, परत बघितलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

“काकू! तुम्हीच की ओ! आरं, काकू आल्यात! काकू, साडेअकरा मिनटं! सगळ्या स्टेटात आमचा पहिला नंबर! एक सेल्फी, प्लीज!”

कुणी पाण्याची बाटली पुढं केली. कुणी वाकून पाया पडला. राजमतीला त्या सगळ्यांच्या कानाखाली वाजवाविशी वाटली. पण ती पाया पडणारी पोरं होती. कुणाच्या वाजवायची आणि कुठून सुरुवात करायची, हेच तिला कळेना.

एस.टी. स्टँडवरूनच तिनं पार्थिवला फोन लावला.

“मावशी, तुम्ही कोल्हापुरात कशाला बघितलात?” हे त्याचं पहिलं वाक्य.

“का? कोल्हापुरात मी जास्त मरते?”

मग त्यानं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज हळूहळू शिबिरातल्या पोरासारखा व्हायला लागला, आपण केलेली युक्ती सगळ्यांना आवडेल अशी खात्री असलेल्या पोरासारखा.

नव्या खुर्च्यांच्या हातांत पट्ट्या असतात. तळहाताला किती घाम आला, नाडी किती पळते, ते त्यांना कळतं. पडद्याच्या वर अंधारात बघणारे कॅमेरे असतात, ते डोळ्यांच्या बाहुल्या किती मोठ्या झाल्या ते मोजतात. माणूस तोंडानं खोटं बोलेल, हसल्यासारखं करेल, घाबरल्याचं नाटक करेल. तळहात आणि बाहुली नाटक करू शकत नाहीत. सगळ्या खुर्च्यांचं मिळून दर क्षणाला एक माप निघतं. त्याला ते लोक ‘दचका’ म्हणतात. घाव झाला की यंत्र दचका बघतं. रेषेवर गेला तर काम झालं, भाकरी दाखवायची. नाही गेला तर दृश्य पुढं चालवायचं.

“पुढं कुठलं चालवायचं? तू तर पुढचं घेतलंच नव्हतंस.”

“ते यंत्र बनवतं, मावशी. जागच्या जागी. तुमच्या साच्यावरून, घुमटात घेतलेल्या. थोडं वाढवतं, दचका बघतं. अजून थोडं वाढवतं.”

“कुठवर?”

“हॉल दचकेपर्यंत.”

समोर गारगोटीला जाणारी गाडी लागत होती. राजमतीला काही दिसत नव्हतं.

“म्हणजे ज्या हॉलला माझी दया येते, तिथं मी पटकन मरते.”

“हो.”

“आणि दया येत नाही तिथं...”

“मावशी, ते दयेचं माप नाही. नुसता शरीराचा प्रतिसाद आहे. समीक्षकांच्या खेळाचंच बघा. मख्ख बसणं हा त्यांचा धंदाच आहे. हातात वही-पेन, चेहरा कोरा. यंत्राला वाटलं यांना काही पोचतच नाही. वाढवत गेलं. टिळेकरांनी नऊ मिनिटं बघितली ती त्यांनीच मागवलेली.” तो थोडा हसला. “आणि साताऱ्याच्या भिशीमंडळानं कोयता दिसल्याबरोबर किंकाळी फोडली. त्यांना भाकरी मिळाली. कॉलेजच्या पोरांनी तर हे ताडलंय, दगडासारखं बसून मिनिटं वाढवायची गावागावांत पैज लावतात.”

“म्हणजे दोघंही खरं बोलतायत?”

“दोघंही.”

“मग तू सांगत का नाहीस त्यांना?”

विचारता विचारताच उत्तर तिला कळलं. भांडण चालू होतं तोवर हॉल भरत होते.

“हे बंद कर, पार्थिव. तुझी भाकरी चांगली होती रे. तेवढीच ठेव.”

“कुलूप लावायचा अधिकार आहे मला. एकच रूप सगळीकडं, ते करता येतं. पण आत्ता नाही, मावशी. आत्ता लावलं तर निर्माते मला पुढं उभंसुद्धा करणार नाहीत. जरा थांबा. आणि खरं सांगू? मी कुठं मारतोय तुम्हाला? मी एकच घाव घातला. बाकीचे लोक मागतात.”

पार्थिव म्हणत होता, लोक मागतात; लोक म्हणत होते, दिग्दर्शक दाखवतो. यंत्राला तर तोंडच नव्हतं. म्हणजे दररोज सातशे हॉलमध्ये तिचा खून होत होता आणि तो कुणीच करत नव्हतं! सांगलीपर्यंतच्या वाटेत राजमतीनं खिडकीचा दांडा इतका आवळून धरला की उतरताना बोटं सरळ होईनात.

भाद्रपदातलं जैनांचं उपासाचं पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. या दिवशी जैन माणसं एकमेकांच्या घरी जातात, हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतात, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागतात. माफी मागितली की द्यायची, असा रिवाज. राजमतीच्या दारात दुपारी पार्थिव उभा राहिला. तो काही जैन नव्हता, पण शिबिराच्या दिवसांत दरवर्षी यायचा, लाडवाच्या आशेनं. त्यानं हात जोडले.

“उत्तम क्षमा, मावशी. काका, उत्तम क्षमा.”

श्रेणिकनं लगेच हात जोडले. राजमतीनं जोडले नाहीत.

“कुलूप लावलंस?”

“अजून नाही. पण...”

“मग कसली माफी मागतोस? पायावर पाय देऊन उभा आहेस आणि वर क्षमा म्हणतोस. पाय काढ आधी.”

“राजू,” श्रेणिक हळूच म्हणाला, “आजच्या दिवशी तरी...”

“आजच्याच दिवशी! झालेल्या गोष्टीची माफी असते. ही चालू आहे. आत्ता, या घटकेला, कुठल्या तरी गावात मी पाया पडतेय कुणाच्या तरी.”

पार्थिव कॉटच्या कडेला बसला. त्यानं खिशातून फोन काढला, काहीतरी चांगलं सांगून वेळ मारून न्यावी म्हणून.

“सगळीकडं तसं नाहीये, मावशी. ही सांगलीच बघा. इथं तुमचं मरण सगळ्यांत लहान असायचं, दोन आठवडे. आम्हाला कळेना का. मग खुर्चीवार तपासलं. एकच खुर्ची, मधल्या रांगेतली कडेची. दर दुपारच्या खेळाला कोयता दिसायच्या आधीच ती उडायची, आणि आजूबाजूच्या खुर्च्या तिच्यामागं. भीती जांभईसारखी पसरते ना. एकाच माणसानं हॉल ओढून नेलेला. आमच्याकडं सगळे गंमत करायचे, कोण आहे हा भित्रा म्हणून. पण गेल्या आठवड्यापासून ती खुर्ची गप्प झालीय. माणूस येतो, बसतो, पण काही नाही. सपाट रेघ. आता सांगलीसुद्धा सात-आठ मिनिटांवर...”

तो बोलायचा थांबला, कारण ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. राजमती नवऱ्याकडं बघत होती. श्रेणिक फरशीकडं.

“अहो?”

“दुकान दुपारी बंदच असतं,” तो म्हणाला.

“पर्वात? उपास धरून?”

“मला पहिल्याच आठवड्यात अंदाज आला होता. डोळ्यांचाच धंदा आहे माझा. पडद्याच्या वर ते काळे ठिपके दिसले, म्हटलं हे बाहुल्या मोजतायत. मग दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ताडलं, मी दचकलो की तुझं लवकर संपतं.” तो चष्मा काढून पुसायला लागला. चष्मा स्वच्छ होता. “मग जात राहिलो. तेवढ्या एका खेळापुरतं तरी.”

राजमती त्याच्याजवळ जाऊन बसली.

“पण आता होईना गं. किती वेळा बघायचं? आधी नुसता कोयता दिसला की काळीज तोंडात यायचं. मग कमी कमी होत गेलं. मी ओरडून बघितलं, नख टोचून बघितलं, फसत नाही ते. काल तो तुझ्या मानेवर...” तो थांबला. “काल तो मारत होता, तू हात जोडलेलेस, आणि माझ्या मनात काय होतं सांगू? दुकानाची पुढची काच पुसायची राहिलीय.”

झुरळासाठी हळहळणारा हा माणूस. बत्तीस वर्षांचा संसार. राजमतीला वाटलं, मला मारलं ते मारलं, पण याचं काय केलंत हे?

“बघितलंस?” ती पार्थिवला म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळंच तो पोरगा उठून उभा राहिला. “हा तुझा सातवा घाव. लाडू नाही मिळणार. जा.”

रविवारी दुपारी सांगलीच्या हॉलवर ‘दगड’वाल्यांनी जवळजवळ अख्खा हॉल भरला होता. कोल्हापूरचा नंबर मोडायचा होता त्यांना. राजमतीनं दोन तिकिटं काढली. सिनेमातली हळदी रंगाची सुती साडी तिच्याच कपाटातली होती, तीच ती नेसली. श्रेणिक नेहमीच्या खुर्चीत बसला. ती त्याच्या शेजारी बसली आणि पडद्यावरच्या राजमतीनं भाकरी थापायला घेतली तशी उठली.

“कुठं?” श्रेणिकनं विचारलं.

“कामावर,” ती म्हणाली.

कडेच्या पायऱ्यांवरून ती अंधारात खाली उतरली. मागून “दगड, दगड” सुरू झालं आणि थांबलं. घाव झाला. भाकरी आली नाही. पडद्यावर ती डोक्यावर पडली, सरपटली. हॉल थंडगार. तिनं हात जोडले, “पाया पडते तुझ्या,” ती म्हणाली. हॉल थंडगार.

पडद्याखाली हातभर रुंदीचा चौथरा होता. गुडघे दुखत होते, पण चौथऱ्यावर चढायची सवय जुनी होती. राजमती चढली, मधोमध गेली, आणि पोरांकडं तोंड करून उभी राहिली. सगळं लाल चित्र तिच्या अंगावर आलं. तिच्या पाठीमागं तीच मरत होती, दहापट मोठी, आणि पुढं ती उभी होती, एवढीशी, पदर खोचलेली.

पहिल्या रांगेतल्या पोरांना आधी वाटलं, हे यंत्राचंच काहीतरी नवीन आहे. मग तिनं कपाळावरचा घाम पुसला. यंत्रातल्या बायका घाम पुसत नाहीत.

“आधी जेवून घे रे, बाळा,” राजमती म्हणाली. ओरडली नाही. नाटकवाल्या बाईला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला ओरडावं लागत नाही. “पोट भरलं की मग बघ माझ्याकडं. मी हिथंच आहे.”

कुणाच्या तरी हातून पॉपकॉर्नचा अख्खा डबा सांडला. कुणीतरी किंचाळलं. रांगाच्या रांगा एकदम मागं रेलल्या आणि खुर्च्या करकरल्या. मधल्या रांगेच्या कडेहून एका पोक्त माणसाचा आवाज सगळ्यांच्या वर गेला, “आई गं!” तो आवाज ती ओळखत होती.

ती मागं वळली नाही. पण पोरांच्या तोंडावरचा लाल रंग गेला, पिवळसर उजेड आला, आणि तिला कळलं की पाठीमागं भाकरी लागलीय. पोरं बघत होती, भाकरीकडं, तिच्याकडं, परत भाकरीकडं. कितीतरी जणांनी ती पहिल्यांदाच पाहिली असेल.

“काकू,” पहिल्या रांगेतला एक जण चाचरत म्हणाला, “नंबर गेला की ओ आमचा...”

“गप की बे,” शेजारचा म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता.

खेळ सुटल्यावर दोघं हॉलबाहेरच्या पायऱ्यांवर बसली. उन्हं कलली होती. पुढचा खेळ सहाचा, तो सुटेपर्यंत दिवस बुडणार, म्हणून राजमतीनं पिशवीतून डबा काढला. तेवढ्यात फोन वाजला. पार्थिव.

“मावशी, काय केलंत तुम्ही? सांगलीची रेघ एवढी वर गेली, एवढी कुठंच, कधीच गेली नव्हती! निर्माते वेडे झालेत. विचारतायत, हे बाकीच्या शहरांत कराल का? किंवा नुसतं परत एकदा घुमटात या, चौथऱ्यावर उभ्या राहिल्यासारख्या...”

राजमतीनं डोळे मिटून घेतले. जिवंत माणूस उभा राहिला, तर त्याचाही यांना साचाच पाहिजे.

“त्यांना सांग,” ती म्हणाली, “सहाच्या खेळाला मी आहे. उद्याही आहे. सांगली झाली की कोल्हापूर, मग सातारा. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. तू कुलूप लावशील त्या दिवशी घरी बसेन. आणि घुमटात तुझ्या निर्मात्यांनाच उभं कर, हात जोडून घे त्यांच्याकडून.” मग तिला काहीतरी आठवलं. “पार्थिव, तू दचकलास का रे?”

“मी... रेघ बघत होतो, मावशी.”

“मग एकदा ये आणि खुर्चीत बस. तुझ्याच सिनेमात.” तिनं फोन ठेवला.

श्रेणिकनं तिचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. आत काळीज धडधडत होतं, पळून आलेल्या माणसासारखं.

“मघापासून थांबेना,” तो म्हणाला. “तू खरंच तिथं उभी होतीस ना?”

“आणि दुकानाची काच?”

“कसली काच?”

राजमतीनं हात तसाच राहू दिला. आत पहिली घंटा झाली, नवी पोरं पायऱ्या चढायला लागली, त्यांतल्या एकानं तिची साडी ओळखली आणि तो थबकला. तिनं डब्याचं झाकण काढलं, भाकरीचे दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा नवऱ्याच्या हातावर ठेवला.

“आधी जेवून घ्या,” ती म्हणाली. “सहाला परत उभं राहायचंय.”